पाठीचा डाग

चिमाजी सुतार कुणाच्याही घरी गेला तरी आधी ओसरीवर बसायचा नाही. पायरीशी वहाणा काढायचा, खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली ठेवायचा आणि एकेका खांबावरून वरून खाली तळवा फिरवत जायचा. बाजारात बैल घेणारा माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, तसा. तळाशी पोचला की उकिडवा बसून लाकूड नखानं टोकरायचा. ओसरीचा खांब कुजतो तो तळाकडून. पागोळ्यांचं पाणी खांबाखालच्या दगडावर उडतं आणि दगडावरून गुपचूप लाकडात चढतं. घरातलं कुणी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत कोणता खांब अजून किती पावसाळे काढील, ते चिमाजीनं ठरवलेलं असायचं.

वेल्ह्यापासून भोरपर्यंत त्याला ओसरीचा चिमाजी म्हणत. नांगर आणि जू करणारे सुतार गावोगाव होते. पण वरचं कौल न हलवता खालचा खांब दुरुस्त करावा तो चिमाजीनंच. तुळईला दोन्ही अंगांनी टेकू द्यायचे, टेकूंखाली पाचरी ठोकत तुळई ज्वारीच्या दाण्याएवढी वर उचलायची, खांब मोकळा करायचा, कुजलेला पाय कापून तिथं नवा जोडायचा आणि तुळई पुन्हा अलगद त्याच्या डोक्यावर टेकवायची. किकवीला एका घरी त्यानं असा खांब काढला तेव्हा वर कौलात चिमणी अंड्यांवर बसली होती, ती जागची उठली नाही, असं लोक सांगत. चिमाजी हसायचा, पण खोटं आहे असं कधी म्हणायचा नाही.

जुनं लाकूड फेकून द्यायला तो कधी तयार नसे. जेवढं शाबूत आहे तेवढं राखायचं, हा त्याचा शब्द. कुणी सगळेच खांब नवे घाला म्हणालं, तर म्हणायचा, "बैलाचा खूर दुकला म्हनून शिंगं बदलत्यात का कुटं?"

असा हा माणूस. पण एक ओसरी अशी होती की तिथं तो खांबाला हात लावत नसे. त्या घराशी काम निघालं तर अंगणात उभा राहून बोलायचा, पाणी उभ्यानं प्यायचा आणि नजर पायरीच्या वर जाऊ द्यायचा नाही. ते घर भागूबाईचं.

भागूबाईचं घर मूळचं खाली नदीकाठच्या गावातलं. भाटघरच्या धरणाची नवी भिंत चढू लागली आणि पाणी कुठवर येणार त्याच्या खुणेचे दगड रानात रोवले गेले, तेव्हा तिचं घर त्या दगडांच्या पुष्कळ खाली होतं. माणसांनी घरं उतरवायला घेतली. दारं, तुळया, कौलं गाड्यांत घालून वरच्या माळावर नेली. भागूबाई विधवा होती आणि तिचा मुलगा कुंडलिक नुकता मिसरूड फुटलेला. तिनं चिमाजीला बोलावून सांगितलं, की वर घर केवढंही होवो, भिंती कुडाच्या झाल्या तरी चालतील, पण ओसरी हीच हवी. सहाही खांब, असेच, याच क्रमानं.

तिचं म्हणणं चिमाजीला सांगावं लागलं नसतं. ती ओसरी त्याच्या पाहण्यात होती. ऐनाचे साधे चौकोनी खांब, ना नक्षी ना वेलबुट्टी, पण चार पिढ्यांनी काळे केलेले. बसल्या माणसाची पाठ जिथं टेकते त्या उंचीवर प्रत्येक खांबाला एक गुळगुळीत डाग पडला होता. घामाचा, तेलाचा, घोंगडीच्या लोकरीचा. चौथ्या खांबाचा डाग सगळ्यांत गडद. भागूबाईचा नवरा वीस वर्षं रोज तिन्हीसांजेला त्या खांबाला टेकून बसत असे. तो गेला तरी त्याच्या पाठीचा डाग राहिला होता. भागूबाई ओसरी सारवताना त्या जागेवरून ओला हात कधी फिरवायची नाही.

सुतारांचा एक नेम असतो. खांब उभा करायचा तो झाड जसं उभं होतं तसा. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब लावला तर घर डोक्यावर उभं केल्यासारखं होतं आणि त्या घराची वाढ खुंटते, असं मानतात. पण तासून चौकोनी केलेल्या लाकडाची दोन्ही टोकं सारखीच दिसतात. म्हणून खांब सोडवण्याआधी बुंध्याच्या टोकाशी पटाशीनं फुली मारायची. चिमाजीचा बाप हे त्याला लहानपणी इतक्या वेळा म्हणाला होता, की ती ओवी झाली होती. आधी फुली, मग हत्यार.

चिमाजीनं सहाही खांबांना फुल्या मारल्या. पाच खांब सरळ उतरले. चौथा मात्र पायाशी पोकळ निघाला, फुलीसकट हातभर तुकडा कापून टाकावा लागला. वर तुळईत बसणारं त्याचं टोकही उतरवताना पिचलं, तेही कापलं; आखूड झालेल्या खांबाखाली नव्या जागी उंच दगड बसवायचा ठरला. आता नवी फुली मारायची, म्हणून त्यानं पटाशी हातात घेतली, तोच नदीकडून हाका आल्या. पहिली गाडी उतारावर कलंडली होती. तो पटाशी तशीच कमरेला खोचून पळाला. परत आला तेव्हा माणसांनी चौथा खांब दुसऱ्या गाडीवर चढवलेला होता आणि गाडी चालू लागली होती. वर गेल्यावर मारू, असं तो स्वतःशी म्हणाला.

वर माळावर ते खांब दीड महिना उतरवलेल्या भिंतींच्या मातीत पडून राहिले. मधे एक अवकाळी सर आली आणि सगळ्यांच्या अंगावर चिखलाचा लेप बसला. चैत्रात मुहूर्त निघाला. पाच खांब फुली बघून उभे राहिले. चौथ्याची वेळ आली तेव्हा नारळ हातात धरून माणसं उभी होती. कुंडलिकनं विचारलं, "तात्या, ह्याचा पाय कंचा?"

ओळखायचा एक उपाय होता. खांबाच्या बरोबर मध्यावर दोर बांधून त्याला लटकवायचं. बुंधा जड, तो खाली झुकतो. घटकाभराचं काम. पण थोड्याच वेळापूर्वी चिमाजी चारचौघांत म्हणाला होता, की ज्याला लाकूड ओळखायला दोर लागतो त्यानं सुतारकी सोडून दोरच वळावेत. लोक हसले होते. आता दोर मागायला त्याची जीभ उचलेना. त्यानं दोन्ही टोकांवर बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, मान हलवली आणि एका टोकावर हात ठेवून म्हणाला, "ह्यो पाय."

नारळ फुटला. दुपारी बायकांनी सगळे खांब खळखळून धुतले. ओसरीवर पंगत बसली आणि चिमाजी पुरणपोळीचा घास मोडत असताना ऊन लागून खांब वाळत आले. लाकूड वाळलं तसे तेलकट डाग वर आले. पाच खांबांचे डाग बसलेल्या माणसांच्या पाठींमागे होते. चौथ्याचा डाग त्याला टेकून बसलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर वीतभर उंच होता.

चिमाजीनं इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना पानांत होत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. टेकू अजून अंगणातच पडले होते. लोक दोन दिवस हसले असते, तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो रंधा घेऊन गेला. खांबांचं अंग खरखरीत झालंय, तासून देतो, असं त्यानं भागूबाईला सांगितलं. आधी चौथा तासला. डाग गेला. पण मग तो एकटाच पिवळा, उघडा दिसू लागला. म्हणून चिमाजीनं बाकीचे पाचही तासले. एका अंगानं काळ्या, दुसऱ्या अंगानं पिवळ्या अशा सालप्यांचा ढीग पायाशी साचला. भागूबाई बाहेर आली. चौथ्या खांबाशी गेली आणि तिनं हात ठेवला, जिथं डाग असायला हवा होता नेमका तिथं.

"हितं त्यांची पाठ टेकायची," ती म्हणाली. मग "नवं दिसतंय," एवढं बोलून आत गेली. जुनं राखणारा म्हणून ज्याला बोलावलं होतं, त्यानं सहा खांबांवरची चार पिढ्यांची पाठ एका सकाळीत पुसून टाकली होती. सालप्या चुलीला चांगल्या, म्हणून भागूबाईनं सुपात भरून नेल्या.

त्याच वैशाखात कुंडलिकचं लग्न झालं. बनाबाई किकवीकडची. नव्या घराच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून आलेली पहिली सून. तिच्या पाठोपाठ जणू दिवस फिरले. पहिल्या पावसाळ्यात दुभती म्हैस गेली. दुसऱ्या वर्षी डोंगराची दरड येऊन भाताचं वरचं खाचर गाडलं गेलं. बनाबाईचं पहिलं मूल पोटातच गेलं, दुसरं सव्वा महिन्याचं होऊन गेलं. भागूबाई मनानं वाईट नव्हती, पण दुःखाला कुठंतरी बोट दाखवायला लागतं. ती पाणवठ्यावर म्हणू लागली, "हिचा पाय पडला आन घर फिरलं." तिचं बोलणं वस्तीवर पसरलं. बायका सवाष्ण सांगताना बनाबाईला वगळू लागल्या.

चिमाजीनं ते पहिल्यांदा लोहाराच्या भात्याशी ऐकलं. पटाशीला धार लावून घ्यायला गेला होता. धार न लावताच घरी आला.

भागूबाईच्या घरावरून जाताना त्याला हाक ऐकू यायची, "सुतारमामा, पानी घ्या." बनाबाई तांब्या घेऊन पायरी उतरून यायची आणि त्याच्या हातात द्यायची. ती त्याला वडीलधारा समजायची. बोलताना तिच्या चेहऱ्यावर कधी तक्रार नसायची, आणि त्यामुळेच तो तिच्याकडं न बघताच तांब्या परत करायचा. त्याला वाटायचं, खांब उलटा असला म्हणून म्हैस मरते का? दरड येते का? असं नसतंच. मग लगेच वाटायचं, नसतं ना, मग सांगून टाक. आणि सांगायची वेळ आली की त्याला ते पटेनासं व्हायचं. दोन्हीकडून तो गप्पच राहायचा.

शेवटी एकदा दुपारी त्यानं आपल्या बायकोला, फुलाबाईला सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप हातात तसंच राहिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमाला लाज कशाची वाटती? खांबाची, का त्या पोरीची?"

चिमाजी उठून अंगणात गेला. कारण खरं उत्तर खांबाची असं होतं.

सातव्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, कुंडलिकचा निरोप आला. चौथा खांब पायाशी दबलाय, तुळई खाली आलीय. चिमाजीला नवल वाटलं नाही. शेंड्याकडचं लाकूड कोवळं, ते दगडावरच्या ओलीला कितीसं टिकणार? तो टेकू घेऊन गेला. ओसरीवर माणसं बसलेली होती. किकवीहून बनाबाईचा भाऊ मानसिंग आला होता. भागूबाई दाराशी होती, कुंडलिक खाली मान घालून बोटानं जमिनीवर रेघा ओढत होता. आणि पायरीवर एक गाठोडं होतं.

चिमाजीनं टेकू लावायला घेतले. त्याच्या मागं बोलणं चाललं होतं, ते त्याच्या कानांवर पडत राहिलं. बनाबाईला माहेरी न्यावं असं ठरत होतं. थोडे दिवस, असं म्हणत होते, पण कुंडलिकसाठी दुसरी मुलगी बघून ठेवली आहे हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. मानसिंग एवढंच म्हणत होता, की बहिणीचा दोष काय ते एकदा कुणी सांगा, म्हणजे घरी आईला सांगता येईल. त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. बनाबाई आतून आली, गाठोड्याशेजारी बसली आणि चपला पायात घालू लागली. एका चपलेचा अंगठा तुटला होता. ती तो शांतपणे दोऱ्यानं बांधत राहिली.

चिमाजीनं पाचर ठोकली. तुळई कुरकुरली, दाणाभर वर आली. खांब मोकळा झाला. त्याला दोन्ही हातांनी कवेत धरून चिमाजी वळला आणि म्हणाला, "दोष हिचा न्हाई. ह्यो खांब उलटा हाय. म्याच लावला."

क्षणभर कुणाला कळेना. मग एक म्हातारा हसला. "चिमाजी, तुजा खांब उलटा? मंग सूर्य बी मावळतीकडनं उगवत आसंल."

बाकीचेही हसले, पण प्रेमानं. कुंडलिकनं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तात्या, तुमी लई मोठ्या मनाचं. पन तिच्यासाटी सोताचं नाव कशापायी घालवताय?"

सात वर्षं ज्या नावासाठी चिमाजी गप्प होता, ते नाव आता त्याला खोटं ठरवत होतं. त्यानं सांगितलं तर लोक त्याला देवमाणूस म्हणत होते. त्यानं भागूबाईकडं वळून म्हटलं, "काकी, घरात दोर आसंल तर द्या."

दोर आला. चिमाजीनं चुना मागून घेतला आणि खांबाचं जे टोक सात वर्षं वर होतं त्याला सगळ्यांदेखत चुन्याची फुली काढली. मग वितीनं मोजून बरोबर मधोमध दोर बांधला आणि अंगणातल्या आंब्याच्या आडव्या फांदीवरून ओढून खांब उचलला. खांब जरा डोलला, इकडे तिकडे विचार केल्यासारखा. मग फुलीचं टोक सावकाश खाली झुकत गेलं आणि चुना मातीला लागला.

भागूबाई पायऱ्या उतरून आली. खांबाभोवती फिरली. तिनं खांबाच्या एका अंगावर हात ठेवला, मग दुसऱ्या.

"मंग त्यांची पाठ कुटं व्हती?"

"वर गेली व्हती," चिमाजी म्हणाला. "लोकांना दिसंल म्हनून म्या ती रंध्यानं काढली. बाकीच्यांची बी त्यापायीच काढली."

भागूबाईनं त्याच्याकडं बघितलं. उलट्या खांबाबद्दल तिनं त्याला कधीच दोष दिला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. पण त्या नजरेत त्याला सुपात भरून नेलेल्या सालप्या दिसल्या.

मानसिंग उठला, अंगावरचं उपरणं झटकलं आणि बहिणीला म्हणाला की चल, आता काही ऐकायचं राहिलं नाही. बनाबाई उठली. तिनं गाठोडं उचललं. एकदा भावाकडं, एकदा नवऱ्याकडं बघितलं. कुंडलिक पायरीवरून बाजूला सरकला, तिला आत जायला वाट करून. बनाबाई गाठोडं घेऊन आत गेली.

चिमाजीनं खांबाचा कुजलेला भाग कापला, नवा पाय जोडला आणि तिसऱ्या प्रहरी तो सरळ उभा केला. बुंधा खाली, शेंडा वर. तोवर माणसं पांगली होती. हत्यारं पिशवीत भरत असताना बनाबाई पाणी घेऊन आली. या वेळी तांब्या तिनं त्याच्या हातात दिला नाही. पायरीवर ठेवला.

"मामा, तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. ती विचारत नव्हती.

"व्हय," चिमाजी म्हणाला.

ती आत गेली. पाणी त्यानं प्यायलं की नाही, ते त्याला स्वतःलाही नंतर आठवेना.

पंचक्रोशीत गोष्ट पसरायला आठवडा लागला नाही. ओसरीच्या चिमाजीचा उलट्या खांबाचा चिमाजी झाला. पोरं मागून 'तात्या, दोर आनला का?' म्हणायची. ओसऱ्यांची कामं आटली, खाटा आणि जुवं तेवढी येत राहिली. त्यानं कशालाच हरकत घेतली नाही. फुलाबाईला राग यायचा, तर तो म्हणायचा की खरंच आहे, दोर आणायला हवा होता.

दोन वर्षांनी बनाबाईला मुलगी झाली आणि जगली. लोक म्हणाले, बघा, खांबाचं कसं असतं. चिमाजीला मात्र त्याचं तोंडभर कौतुक करता आलं नाही. खांबामुळं असेल तर आधीची दोन लेकरं त्याच्या नावावर होती. खांबामुळं नसेल, तर बनाबाईनं सोसलेली सात वर्षं होती. दोन्हीपैकी एकही गोष्ट त्याला खाली ठेवता येत नव्हती.

बेचाळीस सालानंतरच्या एका उन्हाळ्यात कुंडलिकनं त्याला पुन्हा बोलावलं. पहिल्या खांबाचा पाय बघायचा होता. चिमाजी आता साठी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू. भागूबाई जाऊन वर्ष झालं होतं. ओसरीवर कुणी नव्हतं. बनाबाई आत मुलीला हाक मारत होती आणि चौथ्या खांबाशी तांदळाचं सूप निवडता निवडता ठेवून दिलेलं होतं. दुपारची ती रोज तिथंच बसत असणार.

पायरीशी वहाणा काढून चिमाजी वर आला. पहिला खांब, दुसरा, तिसरा. चौथ्याशी येऊन थांबला. मग तो सरळ उभा केल्यापासून पहिल्यांदा त्यानं त्यावर तळवा ठेवला आणि वरून खाली सावकाश फिरवत आणला. लाकूड पुन्हा काळसर व्हायला लागलं होतं. बसल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर त्याच्या बोटांना गुळगुळीत जागा लागली. पुरुषाच्या पाठीपेक्षा थोडी खाली, थोडी अरुंद.

त्यानं हात उचलला. डागाच्या खाली पुन्हा टेकवला आणि पायापर्यंत नेला. मग उकिडवा बसून नखानं लाकूड टोकरलं. शाबूत होतं.